नॉक कंट्रोल मॉड्यूल: इंजिनचा आवाज बंद झाला, म्हणजे काम झालं का?



एक प्रश्न विचारतो. गॅरेजमध्ये ग्राहक येतो आणि म्हणतो, "भाऊ, गाडी चढाला दम टाकते. पिकअपच घेत नाही." तुमचा मेकॅनिक बॉनेट उघडतो, एक वायर काढतो आणि सांगतो, "आता मारा चक्कर." ग्राहक चक्कर मारून येतो तो खूश होऊनच. गाडी पळायला लागलेली असते. पाचशे रुपये हातावर ठेवून तो निघून जातो.

ही दुरुस्ती झाली का? आजचा लेख याच प्रश्नावर आहे. ती वायर नॉक सेन्सरची असेल, तर तुम्ही ग्राहकाचं इंजिन हळूहळू मोडायला ठेवलंय, आणि तो त्याबद्दल तुमचे आभार मानून गेलाय.

व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून मॉड्यूलचा भाग पटकन उरकला होता. इथे तो नीट समजून घेऊ. ज्यांना गॅरेज, डायग्नोस्टिक सर्व्हिस किंवा ऑटो पार्ट्सचं दुकान काढायचंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. धंद्याचं गणितही पुढे दिलंय.

नॉकिंग म्हणजे नेमकं काय?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, मग स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. ज्वाला प्लगपासून सुरू होते आणि सिलिंडरभर पसरत जाते. गवताच्या गंजीला एका टोकाला काडी लावली की आग जशी पुढे सरकते, तसंच.

गडबड कधी होते? ज्वाला पोचायच्या आधीच लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं तेव्हा. तिथे अचानक दाब वाढतो, दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि आपल्याला टक-टक, किर्र असा धातूचा आवाज येतो. कोणी त्याला नॉकिंग म्हणतं, कोणी पिंकिंग. चढावर, जास्त लोडवर, टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की हा आवाज हमखास ऐकू येतो.

आवाजापेक्षा नुकसान मोठं असतं. पिस्टनच्या पृष्ठभागाला चिकटून वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो आणि तो पिस्टनला उष्णतेपासून वाचवतो. नॉकिंगच्या लाटा तो थर उडवून लावतात. मग पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगच्या खाचा तुटतात, हेड गॅस्केट जातं. हे एका दिवसात होत नाही, म्हणूनच ते धोक्याचं आहे.

इलाज काय? ठिणगी थोडी उशिरा टाकायची. ठिणगी नेहमी पिस्टन पूर्ण वर पोचायच्या आधी पडते. तिला आपण ॲडव्हान्स म्हणतो. ॲडव्हान्स कमी केला, म्हणजे स्पार्क रिटार्ड केला, की सिलिंडरमधला कमाल दाब उतरतो आणि नॉकिंग थांबतं. पण त्याची किंमत ताकदीत मोजावी लागते. गाडी मंदावते.

म्हणजे हे तारेवरचं चालणं आहे. स्पार्क फार लवकर पडला तर इंजिन फुटतं, फार उशिरा पडला तर गाडी ओढत नाही.

मॉड्यूलचा जन्म

हे तारेवरचं चालणं सांभाळायला एक छोटा डबा आला. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेत सापडतं, म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ.

१९७८ साली ब्यूइक या जनरल मोटर्सच्या ब्रँडने टर्बो लावलेलं व्ही-६ इंजिन बाजारात आणलं. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो आणि नॉकिंगचा धोकाही वाढतो. म्हणून इंजिनवर नॉकिंग 'ऐकणारा' सेन्सर बसवला आणि त्याच्या सांगण्यावरून स्पार्क मागे घेणारं इलेक्ट्रॉनिक स्पार्क कंट्रोल दिलं. पुढे हीच कल्पना साध्या, बिनटर्बोच्या गाड्यांतही आली.

१९८७ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सच्या शेव्हरोले आणि जीएमसी पिकअप ट्रकांना थ्रॉटल बॉडी इंजेक्शन मिळालं. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण ट्रक म्हटलं की डिझेलचा दहा चाकी डोळ्यासमोर येतो. अमेरिकेत ट्रक म्हणजे बहुतेक वेळा मागे हौदा असलेला पेट्रोल पिकअप. या पिकअपमधल्या ५.० आणि ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनांवर इलेक्ट्रॉनिक स्पार्क कंट्रोलचा वेगळा मॉड्यूल असायचा. इंजिनच्या खोलीत ब्रॅकेटवर लावलेला, हातात मावेल एवढा. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही रचना चालली. पुढे तेच सर्किट गाडीच्या मुख्य संगणकाच्या आत गेलं.

शिकायला ही जुनी रचना उत्तम आहे. का? कारण सगळं बाहेर आहे. सेन्सर वेगळा, मॉड्यूल वेगळा, संगणक वेगळा. प्रत्येक वायरवर मीटर लावता येतो. आजच्या गाडीत तेच काम बंद डब्यात चालतं. उघड्या घड्याळावर एकदा शिकलं, की बंद घड्याळ कळायला वेळ लागत नाही.

चार वायर, एक काम

मॉड्यूलच्या कामाच्या वायर चार आहेत:

१. इग्निशन चालू झाल्यावर येणारा १२ व्होल्टचा सप्लाय.
२. अर्थ.
३. नॉक सेन्सरकडून येणारी वायर.
४. संगणकाकडे जाणारी सिग्नल वायर.

नॉक सेन्सरच्या आत पिझो स्फटिक असतो. त्याला हादरा बसला की तो बारीकसं व्होल्टेज तयार करतो. सेन्सर इंजिनच्या ब्लॉकमध्येच आटे फिरवून बसवलेला असतो, म्हणजे ब्लॉकचा प्रत्येक हादरा त्याला कळतो.

पण इंजिनात हादरे हजार असतात. व्हॉल्व्ह आपटतात, चेन फिरते, पंप चालतो. त्यातून नॉकिंगचा हादरा वेगळा काढायचा कसा? प्रत्येक सिलिंडरला त्याच्या व्यासाप्रमाणे स्वतःचा एक सूर असतो. घंटा मोठी तर आवाज जाड, लहान तर बारीक, तोच नियम. ५.७ लिटर व्ही-८ च्या सिलिंडरचा व्यास १०१.६ मिलिमीटर. त्याचा नॉकिंगचा सूर सेकंदाला सुमारे ५,६०० कंपनांचा. ५.० लिटरचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर, तर सूर ६,००० च्या आसपास. आपल्या मारुती ८०० चा व्यास ६८.५ मिलिमीटर, म्हणजे सूर ८,४०० च्या जवळ. सेन्सर आणि मॉड्यूल मिळून आपापल्या इंजिनचा सूर पकडतात, बाकीचा गोंगाट सोडून देतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. नॉकिंग नसताना मॉड्यूल संगणकाला सतत ८ ते १० व्होल्टचा सिग्नल देत असतो. त्याचा अर्थ, "सगळं ठीक आहे, चालू द्या." नॉकिंग ऐकू आलं की मॉड्यूल तो सिग्नल तोडतो. संगणक समजतो आणि स्पार्क मागे घेतो. आवाज थांबला की सिग्नल परत येतो आणि संगणक हळूहळू ॲडव्हान्स पूर्ववत करतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत, पुन्हा पुन्हा.

लक्षात ठेवा: व्होल्टेज आहे म्हणजे शांतता, व्होल्टेज गेलं म्हणजे नॉकिंग. पुढचा सगळा लेख या एका वाक्यावर उभा आहे.

बिघाडाचे दोन चेहरे

पहिला बिघाड: सिग्नल कायमचा गेला.
मॉड्यूलमधून संगणकाकडे जाणारी वायर तुटली, किंवा मॉड्यूलमधून व्होल्टेज येणंच बंद झालं. संगणकाला वाटतं, इंजिन सतत नॉक करतंय. तो स्पार्क मागे घेतो आणि मागेच ठेवतो. गाडी सुस्त होते, पेट्रोल जास्त खाते, चढाला रडते. पण या बिघाडात एक चांगली गोष्ट आहे. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि संगणकात कोड ४३ नोंदवला जातो. गाडी ओरडून सांगते की मला बघा.

दुसरा बिघाड: सिग्नल कायमचा राहिला.
सेन्सरची वायर तुटली, सेन्सर मेला किंवा मॉड्यूलचा अर्थ सुटला. आता मॉड्यूलला काही ऐकूच येत नाही आणि संगणकाकडे "सगळं ठीक आहे" हाच निरोप जात राहतो. गाडी छान पळते. ग्राहकाची काही तक्रार नसते. काही मॉडेलमध्ये संगणक स्वतः स्पार्क थोडा पुढे ढकलून सेन्सर जिवंत आहे का ते तपासतो, पण सगळीकडे ही सोय नाही, त्यामुळे दिवा लागेलच याची खात्री धरू नका. मग एखाद्या दिवशी भर उन्हात, मागे ट्रेलर लावून घाट चढताना इंजिन जोरात नॉक करतं आणि त्याला थांबवणारं कोणी नसतं.

बघा मित्रांनो, ज्या बिघाडात गाडी तक्रार करते तो स्वस्तात सुटतो. ज्या बिघाडात गाडी गप्प असते तो इंजिन खातो.

ती वायर काढण्याचा जुगाड

आता सुरुवातीच्या मेकॅनिककडे परत येऊ. त्याने सेन्सरची वायर काढली, म्हणजे काय केलं? पहिल्यासारखी दिसणारी तक्रार त्याने दुसऱ्या बिघाडात बदलली. इंजिन खरोखर नॉक करत असेल, म्हणून संगणक स्पार्क मागे घेत असेल आणि म्हणून गाडी सुस्त असेल, तर वायर काढल्यावर गाडी लगेच पळायला लागते. घरात धूर झाला म्हणून अलार्म वाजतोय आणि आपण अलार्मची बॅटरी काढली, असं झालं हे. धूर तसाच आहे.

हा जुगाड मोहात पाडतो, कारण त्यात सगळे खूश असतात. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं, ग्राहक समाधानी. बिल सहा महिन्यांनी येतं, तेही पिस्टन आणि बोअरिंगचं. तोपर्यंत तुमच्याकडे नोंद नसते आणि ग्राहकाला आठवत नसतं. पण कोणीतरी दुसरा मेकॅनिक बॉनेट उघडून ती लोंबणारी वायर बघतोच. मग तुमच्या गॅरेजबद्दल गावभर काय बोललं जाईल, ते मी सांगायला नको.

तपासणी: अर्ध्या तासाचं काम

साधनं फार लागत नाहीत. मल्टिमीटर, टायमिंग लाइट, छोटी हातोडी किंवा पाना, आणि गाडीचा वायरिंग डायग्राम. जुन्या अमेरिकन ट्रकवर पायऱ्या अशा:

१. कोड वाचा. डॅशबोर्डखाली १२ पिनांचा कनेक्टर असतो. त्यातले ठरलेले दोन पिन जोडून चावी चालू करायची, इंजिन बंद ठेवायचं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. आधी एक आणि दोन, म्हणजे कोड १२. तो तीनदा येतो आणि सांगतो की यंत्रणा बोलतेय. नंतर चार आणि तीन असे लुकलुकले, तर कोड ४३.

२. मूळ टायमिंग बघा. या व्ही-८ इंजिनांवर संगणकाचा ॲडव्हान्स बाजूला ठेवण्यासाठी काळी पट्टी असलेली एक बदामी वायर सोडवतात आणि टायमिंग लाइटने शून्य अंश येतो का ते पाहतात. डिस्ट्रिब्युटर कोणी चुकीचा फिरवून ठेवला असेल, तर नॉकिंग होणारच. त्यात मॉड्यूलचा काय दोष? तपासणी झाल्यावर ती वायर परत जोडायला विसरू नका.

३. टकटक चाचणी. इंजिन गरम करा, वेग दीड-दोन हजार आरपीएमवर धरा. टायमिंग लाइट लावून ठेवा. सेन्सरच्या जवळ ब्लॉकवर पान्याने हलक्या, भरभर टकटक करा. सेन्सरवर कधीही मारायचं नाही. टायमिंगची खूण मागे सरकली आणि टकटक थांबवल्यावर परत आली, तर सेन्सर, मॉड्यूल आणि संगणक तिघेही आपलं काम करतायत. फिरता पंखा आणि पट्ट्यांपासून हात लांब. सैल कपडे नकोत.

४. टायमिंग हललं नाही तर मीटर घ्या. मॉड्यूलला १२ व्होल्ट येतात का? अर्थ पक्का आहे का? सिग्नल वायरवर ८ ते १० व्होल्ट आहेत का? टकटक केल्यावर ते पडतात का? इथे सुईचा जुना मीटर जास्त कामाचा, कारण डिजिटल मीटरला एवढा झटपट बदल दाखवायला जमतोच असं नाही.

५. सप्लाय आणि अर्थ ठीक, सेन्सरपासूनची वायर ठीक, सेन्सरही ठीक, तरी सिग्नल हलत नाही, तेव्हाच मॉड्यूलवर बोट ठेवा.

एक सूचना. काही मॉडेलमध्ये गाडी न्यूट्रलला उभी असताना संगणक नॉकच्या सिग्नलकडे लक्षच देत नाही. अशा वेळी टायमिंग हललं नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका. चौथी पायरी करूनच बोला.

मॉड्यूलला दोष द्यायच्या आधी

यंत्रणा ठीक आहे आणि तरी गाडी सुस्त आहे, म्हणजे इंजिन खरंच नॉक करतंय. मग कारण शोधा.

ईजीआर व्हॉल्व्ह. तो एक्झॉस्टचा थोडा वायू परत सिलिंडरमध्ये सोडतो. त्यामुळे जळण्याचं तापमान उतरतं. त्याचा रस्ता कार्बनने तुंबला किंवा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला, तर सरळ रस्त्यावर एका वेगाने जातानासुद्धा नॉकिंग येतं. या काळातल्या गाड्यांत हे नेहमीचं दुखणं आहे.

इंजिन जास्त तापणं. थर्मोस्टॅट, कुलंट, रेडिएटर बघा.

सिलिंडरमध्ये साठलेला कार्बन. त्याने आतली जागा कमी होते, दाब वाढतो, आणि तापलेला कार्बन मिश्रण अवेळी पेटवतोही.

पेट्रोलचा दर्जा. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला तोंड देण्याची ताकद. अमेरिकेतल्या पंपावर ८७ लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे ई२० यायच्या आधी साधं पेट्रोल ९१ चं होतं. म्हणून ते पेट्रोल भारी होतं असं समजू नका. मोजण्याची पद्धत वेगळी आहे. तिकडचं ८७ आणि आपलं ते ९१ जवळजवळ सारखंच. भेसळीत रॉकेल मिसळलं की मात्र ऑक्टेन घसरतो आणि इंजिन टकटकायला लागतं.

खोटा नॉक. सैल ब्रॅकेट, चॅसिला टेकलेला एक्झॉस्ट पाइप, आवाज करणारे लिफ्टर. सेन्सरला हा आवाज नॉकिंगसारखा वाटू शकतो. मग इंजिन निरोगी असूनही स्पार्क मागे जातो. इथे पार्ट बदलून काही होणार नाही, एक बोल्ट आवळून होईल.

पार्ट घेताना आणि बसवताना

पार्ट्सच्या दुकानात जाणाऱ्या किंवा दुकान काढू पाहणाऱ्या मित्रांसाठी हा भाग खास आहे.

मॉड्यूल दिसायला सारखे असतात, पण प्रत्येक इंजिनचा सूर वेगळा, हे आपण वर पाहिलं. ५.० लिटरचा मॉड्यूल ५.७ वर कनेक्टरला बसेल, पण बरोबर ऐकेलच असं नाही. पार्ट नंबर जुळवा.

सेन्सरचंही तसंच. जनरल मोटर्सच्या काही सेन्सरचा रोध सुमारे ३,९०० ओहम असतो, काहींचा सुमारे १ लाख ओहम. बाहेरून ओळखू येत नाही. पाकिटातून काढल्यावर मीटर लावा, मगच गाडीला लावा.

बसवताना तीन गोष्टी पाळा. एक, सेन्सरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. एका वायरच्या सेन्सरचा अर्थ आट्यांतूनच मिळतो. दोन, फार आवळू नका, टॉर्क पाना वापरा. या सेन्सरना सुमारे १९ न्यूटन-मीटर पुरतात. जास्त आवळला की सेन्सरची ऐकण्याची ताकद बदलते. तीन, सेन्सरची वायर प्लगच्या वायरींपासून दूर ठेवा, नाहीतर ठिणगीचा विद्युत गोंगाट तिच्यात शिरतो.

आणि हो, या व्ही-८ मध्ये सेन्सर ब्लॉकच्या कुलंट काढायच्या भोकात बसवलेला असतो. गरम इंजिनवर तो खोलला तर उकळतं कुलंट थेट हातावर येतं. इंजिन थंड होऊ द्या, खाली घमेलं ठेवा. सेन्सर हातातून फरशीवर पडला तर आतला स्फटिक तडकू शकतो, तो ग्राहकाला विकू नका.

आपल्याकडे याचा उपयोग काय?

तुम्ही म्हणाल, "सर, आमच्या तालुक्याच्या गावात शेव्हरोलेचा व्ही-८ कोण आणणार?" बरोबर आहे. पण तत्त्व तेच राहतं.

२००० सालच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आपल्या पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं. त्या जुन्या गाड्यांपैकी सगळ्यांना नॉक सेन्सर नाही. म्हणून पहिलं काम वायरिंग डायग्राम बघणं. सेन्सर असेल तर त्याचा फिल्टर बहुतेक ईसीयूच्या आतच असतो, त्यामुळे मधल्या मॉड्यूलवर मीटर लावता येत नाही. तिथे स्कॅनरवर नॉक रिटार्ड हा आकडा बघत टकटक चाचणी करायची. आपल्याकडे नव्या गाड्यांत ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून सक्तीचा झाला. त्या गाड्यांत नॉक सेन्सरच्या सर्किटचा कोड पी०३२५ दिसतो. पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी०३२५ आला म्हणून सेन्सर बदलायचा नाही. आधी वायर, कनेक्टर आणि अर्थ बघायचा. उंदराने कुरतडलेली वायर नव्या सेन्सरने जुळत नाही.

सीएनजी किट लावलेल्या गाड्यांचा विषय तर आपल्या गल्लीतलाच. सीएनजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त आणि तो जळतो हळू. म्हणून काही किटसोबत टायमिंग पुढे नेणारं छोटं यंत्र लावतात. गाडी पेट्रोलवर आली की त्याने बाजूला व्हायला हवं. ते अडकून राहिलं, तर पेट्रोलवर चढाला टकटक सुरू. अशा गाडीत ऑइल बदला, प्लग बदला, काही फरक पडत नाही. तुम्हाला कारण माहीत असेल, तर ही गाडी तुमचीच.

धंद्याचं गणित

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावाप्रमाणे बदला.

गॅरेज अ: तक्रार ऐकून थेट पार्ट बदलतं. पार्ट ४,००० रुपयांचा, त्यात ६०० रुपये सुटतात. कारण दुसरंच होतं, म्हणून ग्राहक आठवड्यात परत येतो. आता दोन तास फुकट काम, पार्ट परत घ्यायची कटकट, आणि वर बोलणी. सहाशे रुपये दोन तासांत संपले. ग्राहकही गेला.

गॅरेज ब: आधीच सांगतं, "तपासणीचे ७०० रुपये होतील. अर्धा-पाऊण तास लागेल. काय मिळालं ते लिहून देतो." मग कागदावर लिहून देतं: मूळ टायमिंग किती, टकटक चाचणी पास की नापास, मोजलेले व्होल्टेज किती, कारण काय, खर्च किती. बोल्ट सैल निघाला तरी ७०० रुपये मिळाले आणि ग्राहकाचे ४,००० वाचले. सांगा, तो पुढच्या वेळी कुठे जाईल? शेजाऱ्याला कुठे पाठवेल?

बहुतेक नव्या गॅरेजवाल्यांना तपासणीचे पैसे मागायला लाज वाटते. "नुसतं बघायचे पैसे?" असं ग्राहक म्हणेल, ही भीती असते. त्यावर उपाय तो कागद. ग्राहक पार्टचे पैसे देतो, कारण पार्ट हातात दिसतो. तपासणी कागदावर उतरली की तीही हातात दिसते. त्या कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवा. सहा महिन्यांनी वाद झाला, तर तोच तुमचा वकील.

आणि ग्राहक म्हणाला, "वायर काढून टाका, चालेल मला," तर? नम्रपणे नाही म्हणा. "दादा, आज पळेल, पण पिस्टनची जबाबदारी मी घेऊ शकत नाही," असं सांगा आणि कागदावर तसं लिहा. तो एक ग्राहक कदाचित जाईल. पण ज्या गॅरेजचा मालक नाही म्हणू शकतो, त्याच्या 'हो'ला किंमत येते.

तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

ई२० पेट्रोलमुळे नॉकिंग वाढतं का?
इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन जास्त आहे, त्यामुळे त्याच्यामुळे नॉकिंग वाढायचं कारण नाही. जुन्या गाड्यांत रबरी पाइप, सील आणि मिश्रण पातळ होणं हे प्रश्न वेगळे, ते वेगळे तपासा.

डिझेल गाडीत नॉक मॉड्यूल असतो का?
डिझेलमध्ये स्पार्कच नसतो, त्यामुळे स्पार्क मागे घेणारा मॉड्यूलही नसतो. डिझेलची खडखड हा वेगळा विषय आहे.

महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकून काम भागेल का?
आवाज कमी होऊ शकतो. पण ईजीआर तुंबलेला असेल तर तो तुंबलेलाच राहील. कारण शोधा, मग पेट्रोल ठरवा.

जाता जाता

नॉक मॉड्यूलकडून उद्योजकाने एक गोष्ट उचलावी. हा मॉड्यूल बिघाडाचा निरोप सिग्नल तोडून देतो. सेन्सरची वायर तुटली, तर निरोप "सगळं ठीक आहे" असाच जात राहतो. धंद्यातही ग्राहकाची तक्रार येत नाही तेव्हा दोन शक्यता असतात. काम खरंच चांगलं चाललंय, किंवा तुमच्यापर्यंत आवाज पोचवणारी वायर तुटलीय. कोणती शक्यता खरी, ते कळायला मधूनमधून स्वतःच टकटक करावी लागते. काम करून गेलेल्या ग्राहकाला पंधरा दिवसांनी फोन करा. "गाडी कशी आहे?" एवढंच विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या तपासणीचा एक पानाचा फॉर्म तयार करा. तक्रार, मोजमाप, कारण, खर्च, सही, एवढे पाच रकाने पुरे. फॉर्म झाला की व्हिडिओखाली कमेंटमध्ये सांगा. गॅरेज नसेल, वेगळा धंदा असेल, तर तुमच्या धंद्यातली 'टकटक चाचणी' कोणती, ते लिहा.

भेटू पुढच्या लेखात. कामाला लागा!